इंजेक्टरच्या भोकातली वाफ: कॅव्हिटेशनचं पहिलं सिम्युलेशन कसं करावं

डिझेल इंजेक्टरच्या टोकाला असलेलं भोक साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर व्यासाचं असतं. डोक्याचे दोन केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी भरेल, जवळपास तेवढं. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. हजार बार दाबाखालचं डिझेल त्यातून सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतं, म्हणजे ते अख्खं भोक दोन मायक्रोसेकंदांत पार होतं. आणि एवढ्या दाबाखाली असूनही भोकाच्या तोंडाशी डिझेलची चक्क वाफ होते. हेच कॅव्हिटेशन.

एवढ्याशा जागेत, एवढ्या वेगात, धातूच्या आड चाललेली ही गोष्ट डोळ्यांनी पाहणं फार अवघड. म्हणून ती संगणकावर सोडवतात. ज्यांनी पाइपमधला प्रवाह, एखादा वाकलेला डक्ट असं थोडंफार सीएफडी (संगणकावर प्रवाहाचं गणित सोडवणं) केलं आहे, पण द्रवाची वाफ होतानाचं गणित कधी हाताळलेलं नाही, अशांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकच, आणि तो लेखभर परत परत येईल: आधी आकडा, मग चित्र. कॅव्हिटेशनची रंगीत चित्रं फार देखणी येतात, चुकीच्या सिम्युलेशनचीसुद्धा.

भोकात काय घडतं

पाणी उकळायला ते तापवावंच लागतं असं नाही. दाब उतरवला तरी उकळतं. हिमालयात उंचावर कुकरशिवाय भात नीट शिजत नाही तो याचमुळे. शेतातला पंप ज्यांनी चालवला आहे त्यांना आणखी जवळचं उदाहरण माहीत असेल. विहिरीचं पाणी खोल गेलं आणि सक्शनची उंची फार वाढली की पंपाच्या पोटात खडे फिरल्यासारखा आवाज येतो. इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाण्याचे बुडबुडे होतात आणि पुढे जास्त दाबात गेल्यावर फुटतात. तो खडखडाट त्या फुटण्याचा.

इंजेक्टरमध्ये दाब उतरतो तो वळणामुळे. नीडल (वाट उघडझाप करणारी सुई) उचलली गेली की इंधन सीटवरून, म्हणजे सुई टेकते त्या जागेवरून, खाली सॅकमध्ये (टोकातल्या छोट्या पोकळीत) येतं आणि तिथून जवळपास काटकोनात वळून भोकात शिरतं. इतक्या वेगातलं द्रव कोपऱ्याला चिकटून वळू शकत नाही. ते भिंतीपासून सुटतं, प्रवाहाची मान आवळली जाते आणि भिंत व मान यांच्यामध्ये एक पोकळ कप्पा तयार होतो. मान आवळली की वेग वाढतो, वेग वाढला की दाब पडतो. तो डिझेलच्या बाष्पदाबाखाली, म्हणजे ज्या दाबाला द्रवाची वाफ होऊ लागते त्याखाली, गेला की कप्प्यात वाफ भरते.

डिझेल नोझलच्या भोकांतला हा प्रकार बर्गवर्क यांनी १९५९ साली निबंधात मांडला होता, म्हणजे विषय नवा नाही. पण त्याचे परिणाम अजूनही रोजच्या कामाचे आहेत. वाफेने जागा अडवली की भोकातून जाणारं इंधन एका मर्यादेवर अडकतं. फवारा लवकर फुटतो आणि जास्त पसरतो, जे ज्वलनाला बरंचसं चांगलंच. आणि वाफेचे बुडबुडे भिंतीजवळ फुटले तर पोलाद खरवडलं जातं. म्हणजे कॅव्हिटेशन कधी हवं असतं, कधी नको असतं. किती आणि कुठे, हे ठरवता यायला हवं. नाशिकमध्ये ‘मायको सर्कल’ सगळ्यांना ठाऊक आहे. ते नाव ज्या कारखान्यावरून पडलं, आजची बॉश, तिथे डिझेल इंजेक्शनची नोझल बनत आली आहेत. त्यामुळे हा विषय आपल्याकडच्या कित्येक इंजिनिअरांच्या पोटापाण्याचाही आहे.

पायरी पहिली: कागद, पेन आणि दहा मिनिटं

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तीन आकडे हाताने काढा. ही पायरी टाळणारे पुढे आठवडेच्या आठवडे घालवतात.

पहिला वेग. बर्नुलीप्रमाणे वेग म्हणजे (२ × दाबातला फरक ÷ घनता) याचं वर्गमूळ. आत १००० बार, बाहेर नगण्य, डिझेलची घनता ८३० किलो प्रति घनमीटर धरली तर ४९० मीटर प्रति सेकंद येतो.

दुसरा कॅव्हिटेशन क्रमांक. तो वेगवेगळ्या प्रकारे लिहितात आणि त्यातून गोंधळ होतो, म्हणून कोणता वापरताय ते वहीत लिहून ठेवा. मी नुरिक यांनी १९७६ साली वापरलेला घेतो: (आतला दाब − बाष्पदाब) ÷ (आतला दाब − बाहेरचा दाब). हा क्रमांक जितका कमी, तितकं कॅव्हिटेशन जास्त. बाहेरचा दाब उतरत गेला की तो १ च्या जवळ सरकतो.

तिसरा आकडा सगळ्यात मोलाचा: प्रवाह कुठे अडकेल. मानेजवळचा दाब बाष्पदाबाच्या खाली फारसा उतरू शकत नाही. तिथे वाफ होते आणि दाब तिथेच थांबतो. म्हणून मानेतला वेग आतल्या दाबावरच ठरतो, बाहेरचा दाब कितीही उतरवा. अडकलेला प्रवाह असा: आवळण्याचा गुणांक (मानेचं क्षेत्रफळ भागिले भोकाचं) × भोकाचं क्षेत्रफळ × √(२ × घनता × (आतला दाब − बाष्पदाब)). धारदार कडेसाठी आवळण्याचा गुणांक ०.६२ च्या आसपास असतो. ०.१५ मिमी व्यासाच्या भोकाला, १००० बारवर, हे साडेचार ग्रॅम प्रति सेकंदाच्या जरा खाली येतं.

यातलं ‘धारदार कडेसाठी’ सोडून देऊ नका. कड गोलावली की गुणांक झपाट्याने वाढतो. नुरिक यांचं सूत्र असं: १ ÷ गुणांकाचा वर्ग = (१ ÷ ०.६२ चा वर्ग) − ११.४ × (कडेची त्रिज्या ÷ व्यास). १५० मायक्रॉनच्या भोकाला फक्त १५ मायक्रॉन त्रिज्येची गोलाई दिली तर गुणांक ०.६२ वरून ०.८३ वर जातो. म्हणजे प्रवाह एक तृतीयांशाने वाढला, तोही डोळ्यांना दिसणार नाही इतक्या गोलाईने. नोझल बनवताना भोक विद्युत ठिणग्यांनी पाडतात आणि मग घर्षक कण मिसळलेलं तेल दाबाने त्यातून वाहवून कड मुद्दाम गोल करतात. ड्रॉइंगवर मात्र कोपरा कित्येकदा सरळच काढलेला असतो. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी तो कोपरा ड्रॉइंगप्रमाणे धारदार ठेवला. वाफेचं चित्र सुरेख आलं आणि प्रवाह मोजलेल्यापेक्षा बराच कमी. दोन आठवडे मी मॉडेलचे गुणांक बदलत बसलो. चूक भूमितीत होती.

पायरी दुसरी: पहिली केस इंजेक्टरची घेऊ नका

नवशिक्याचा हात थेट सहा-आठ भोकांच्या, हलत्या नीडलच्या पूर्ण इंजेक्टरकडे जातो. थांबा. उत्तर बरोबर आलं की नाही हे ज्या केसमध्ये तपासता येत नाही, तिथे शिकता येत नाही.

सुरुवातीसाठी सगळ्यात चांगली केस म्हणजे विंकलहोफर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियात ग्राट्सच्या एव्हीएल या इंजिन-संशोधन कंपनीत केलेले, २००१ साली मांडलेले प्रयोग. पोलादाच्या पातळ पत्र्यात एक मिलिमीटर लांब, सुमारे ०.३ मिमी उंच आणि ०.३ मिमी जाड अशी सपाट वाट कापली आणि ती दोन पारदर्शक खिडक्यांमध्ये धरली. आतला दाब १०० बार कायम ठेवला, बाहेरचा हळूहळू उतरवला. प्रत्येक टप्प्यावर प्रवाह मोजला, वाफ कुठवर पोचली त्याची छायाचित्रं घेतली, दाबाचं क्षेत्र आणि वेगाची रेषाही मोजली. एका छोट्या वाटेची इतक्या बाजूंनी मोजणी सहसा मिळत नाही. म्हणूनच या विषयातले कित्येक संशोधक आपलं मॉडेल आधी इथे घासून पाहतात.

हिचा हातचा हिशेब करून ठेवा. ०.३ × ०.३ मिमी, १०० बार, गुणांक ०.६२ धरला तर सेकंदाला ७.२ ग्रॅम, कड थोडी गोल धरून गुणांक ०.७ घेतला तर ८.१. उत्तर या परिसरात यायला हवं. आता अडकण्याची जागा. वाफ नसताना अशा वाटेचा डिस्चार्ज कोइफिशंट (प्रत्यक्ष प्रवाह भागिले आदर्श प्रवाह) ०.८४ च्या आसपास धरा. ०.८४ भागिले ०.७, त्याचा वर्ग १.४४; हा झाला कॅव्हिटेशन क्रमांक, म्हणजे दाबातला फरक ६९ बार. बाहेरचा दाब ३० बारच्या आसपास उतरला की प्रवाह वाढायचा थांबेल असं हा हिशेब सांगतो. हे दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा.

पायरी तिसरी: भूमिती आणि मेश

वाटेच्या आधी आणि नंतर मोकळी जागा ठेवा. आत निदान पाच-सहा उंचीइतकी, बाहेर त्याहून बरीच जास्त. बाहेरची सीमा भोकाच्या तोंडालाच लावली तर दोन गोष्टी होतात. वाफ सीमेवर आदळते आणि तुम्ही सांगितलेला दाब तिला तिथे जबरदस्तीने दाबून टाकतो. शिवाय बुडबुडे फुटताना निघणाऱ्या दाबाच्या लाटा सीमेवरून परत आत येतात. चित्र धडधडताना दिसतं आणि माणसाला वाटतं हेच कॅव्हिटेशन.

पहिल्या फेरीला द्विमितीय मेश (जागेचे लहान लहान घरांत पाडलेले तुकडे) चालेल. वाटेत पाच मायक्रॉनचे घर, म्हणजे उंचीत साठ. आता भिंतीजवळचा हिशेब. १०० बारच्या या वाटेत वेग दीडशे मीटर प्रति सेकंद, भिंतीवरचा घर्षण-वेग ढोबळ मानाने त्याच्या पाच टक्के, म्हणजे साडेसात. डिझेलचा गतिक श्यानता (घट्टपणा) गुणांक अडीच चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. यावरून वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककविरहित अंतर) १ म्हणजे एक तृतीयांश मायक्रॉन, आणि ३० म्हणजे दहा मायक्रॉन. तुमच्या पाच मायक्रॉनच्या घराचा मध्य येतो सात-साडेसातवर, म्हणजे धड इकडे ना तिकडे अशा पट्ट्यात. वॉल फंक्शनला (भिंतीजवळचा प्रवाह न सोडवता सूत्राने धरण्याला) तो फार जवळ, भिंतीपर्यंत सोडवायला फार लांब. त्यामुळे भिंतीलगत थर घालून वाय-प्लस १ पर्यंत जाणं मला योग्य वाटतं. प्रवाह सुटतो तो भिंतीवरच, तिथे काटकसर करू नये.

कडेची गोलाई मेशमध्ये निदान आठ-दहा घरांनी काढा. २० मायक्रॉनची गोलाई तीन सरळ रेषांत काढली तर संगणकाला ती तीन धारदार कोपऱ्यांसारखी दिसते आणि प्रत्येक कोपऱ्यावर खोटी वाफ उगवते.

पायरी चौथी: कोणतं मॉडेल

इथे जरा रेंगाळू, कारण गोंधळ सगळा इथेच असतो.

बहुतेक मॉडेलांत द्रव आणि वाफ यांची वेगळी समीकरणं नसतात. दोन्ही एकाच वेगाने वाहणारं मिश्रण मानतात आणि प्रत्येक घरात वाफेचा वाटा किती तेवढं ठरवतात. ते ठरवण्याच्या पद्धतीवरून घराणी पडतात.

पहिलं घराणं म्हणतं, वाफ तत्काळ होते. घनता फक्त दाबावर ठरते. दाब बाष्पदाबाच्या वर तर द्रव, खाली तर वाफ, मध्ये मिश्रण. याला बॅरोट्रॉपिक किंवा समतोल मॉडेल म्हणतात. ओपनफोम या मोफत सीएफडी सॉफ्टवेअरमधला कॅव्हिटेटिंगफोम हा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) याच जातीचा, आणि त्याच्या ट्युटोरिअलमध्ये ‘थ्रॉटल’ नावाची तयार केससुद्धा आहे. नवशिक्याने इथून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. यात फिरवायच्या खुंट्या फार कमी असतात, त्यामुळे चूक झाली तर ती मेश, सीमा किंवा गुणधर्मांतच सापडते.

दुसरं घराणं म्हणतं, वाफ व्हायला वेळ लागतो. मग ती किती वेगाने होते यासाठी स्वतंत्र समीकरण येतं. श्नेर आणि सावर यांचं २००१ चं मॉडेल, झ्वार्ट, गर्बर आणि बेलामरी यांचं २००४ चं, ही या घराण्यातली. यांच्या मुळाशी एकाच बुडबुड्याच्या फुगण्या-आकसण्याचं गणित आहे, जे लॉर्ड रेली यांनी १९१७ साली मांडलं आणि पुढे प्लेसेट यांनी वाढवलं. ओपनफोममध्ये इंटरफेजचेंजफोममध्ये श्नेर–सावर मिळतं.

तिसरं होमोजीनियस रिलॅक्सेशन. दाब उतरल्यावर मिश्रण समतोलाकडे एका ठरावीक कालावधीत सरकतं, असं ते मानतं. मुळात पाण्याच्या स्फोटक उकळण्यासाठी बिलिकी व केस्टिन आणि नंतर डाउनार-झापोल्स्की यांनी बांधलेलं हे मॉडेल इंजेक्टरसाठीही भरपूर वापरलं जातं.

आता एक गोष्ट, जी सुरुवातीला मला कोणी सांगितली नव्हती. श्नेर–सावरमध्ये द्रवाच्या प्रत्येक घनमीटरमागे बुडबुड्यांची बीजं किती, हा आकडा द्यावा लागतो. ओपनफोमच्या उदाहरणांत तो १६ लाख कोटी आहे. प्रचंड वाटतो ना? गुणाकार करून बघा. आपल्या वाटेचं आकारमान ०.३ × ०.३ × १ मिमी. त्यात येतात साधारण १४४० बीजं. दोन बीजांमधलं सरासरी अंतर चाळीस मायक्रॉन. तुमचं घर पाच मायक्रॉनचं. म्हणजे एका घराच्या वाट्याला सरासरी बीजाचा जेमतेम पाचशेवा हिस्सा येतो. जहाजाच्या पंख्यासाठी हा आकडा ठीक असेल. केसाएवढ्या भोकात ‘घरात पुष्कळ बुडबुडे आहेत’ हे गृहीतकच उरत नाही. म्हणून तो आकडा दहापट, शंभरपट करून प्रवाह किती हलतो ते पाहा. तो वाढवला की वाफ झटपट होते आणि उत्तर समतोल मॉडेलच्या दिशेने सरकतं. तसंच झ्वार्टच्या मॉडेलमध्ये वाफ होण्याचा गुणांक ५० आणि परत द्रव होण्याचा ०.०१ ही नेहमीची मूल्यं आहेत. ती विश्वाची स्थिरांकं नाहीत. कोणीतरी कुठल्यातरी प्रयोगांवर बसवलेली आहेत, आणि तुमचा प्रयोग तो नाही.

पायरी पाचवी: द्रवाचे गुणधर्म

थ्रॉटलच्या ट्युटोरिअलमध्ये द्रवाची घनता ८३० आणि बाष्पदाब ४५०० पास्कल दिला आहे. द्रवाची संकोच्यता ०.००००००५. ही म्हणजे ध्वनिवेगाच्या वर्गाचा व्यस्त. वर्गमूळ काढून उलटा केला की १४१४ मीटर प्रति सेकंद. डिझेलमधला ध्वनिवेग १३०० च्या आसपास असतो, तेव्हा चालेल. वाफेची संकोच्यता ०.०००००२५. हिला बाष्पदाबाने गुणलं की वाफेची घनता येते ०.०११ किलो प्रति घनमीटर. आता डोडेकेनसारख्या (डिझेलऐवजी प्रयोगात घेतात तो हायड्रोकार्बन) रेणूसाठी आदर्श वायूचं समीकरण लावा: ४५०० पास्कल, ३०० केल्विन, रेणुभार १७०. येते ०.३१. सत्तावीस पटींचा फरक! प्रवाहाच्या आकड्यावर याने फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही घनता द्रवाच्या मानाने शून्यच. पण वाफेचे कप्पे किती काळ टिकतात आणि कसे मिटतात यावर पडू शकतो. ट्युटोरिअल हे सॉल्व्हर चालतो हे दाखवायला असतं, त्यातले आकडे उचलायचे नसतात.

बाष्पदाबाची मात्र उगाच काळजी करू नका. डिझेल हे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण, त्याचा एक नेमका बाष्पदाब नसतोच. पण तुम्ही १००० पास्कल धरा की ५०००, समोर १०० बार म्हणजे एक कोटी पास्कल आहेत. सूत्रातली वजाबाकी जागची हलत नाही.

दाब हजार बारच्या पुढे गेला की गोष्ट बदलते. २००० बारला डिझेलची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि श्यानता तर कितीतरी पट. शिवाय २००० बारची सगळी ऊर्जा घर्षणात गेली तर इंधन १२० अंशांनी तापेल इतकी असते. तिथे तापमानाचं समीकरण सोडून चालत नाही. १०० बारच्या आपल्या वाटेत ते सोडलं तर चालतं.

पायरी सहावी: सीमा आणि सुरुवात

आत दाब द्या, बाहेर दाब द्या. आत वेग देऊ नका. प्रवाह किती जाईल हेच तर शोधायचं आहे, आणि वेग सांगून टाकला तर अडकलेल्या वाटेतून तो ढकलायला संगणक आतला दाब वाटेल तिथे नेऊन ठेवेल. सगळे दाब निरपेक्ष घ्या, गेजचे (वातावरणाचा दाब शून्य धरून मोजलेले) नकोत. बाष्पदाबाशी तुलना गेज दाबाने होत नाही.

१०० आणि २० बारचा फरक पहिल्याच क्षणी लावला तर दाबाची जोरदार लाट आतून धावते, मागे निर्वात सोडते आणि सॉल्व्हर कोसळतो. त्यापेक्षा बाहेर ८० बार ठेवून वाफेविना प्रवाह स्थिर करा, मग ६०, ५०, ४० असं उतरत जा. प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्याची सुरुवात. यात तुम्हाला लागणारा आलेखही आपोआप तयार होतो.

पायरी सातवी: वेळेचं पाऊल

पाच मायक्रॉनचं घर आणि दीडशे मीटर वेग, यावरून कोरांट क्रमांक १ साठी (एका पावलात प्रवाह एकच घर पुढे सरकेल यासाठी) पाऊल ३३ नॅनोसेकंद येतं. पण दाबाच्या लाटा ध्वनिवेगाने जातात. १४०० आणि १५० मिळवले की पाऊल तीन नॅनोसेकंदांवर येतं. कॅव्हिटेटिंगफोममध्ये या दोहोंसाठी वेगळ्या मर्यादा देता येतात. फक्त सरासरी प्रवाह हवा असेल तर ध्वनीची मर्यादा सैल ठेवा. बुडबुडे फुटतानाचे दाब हवे असतील तर ठेवू नका.

आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात असू द्या. द्रवात आवाज वेगाने जातो, वायूत त्याहून हळू, पण दोन्हींच्या मिश्रणात सगळ्यात हळू. वातावरणाच्या दाबाला पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळले तर ध्वनिवेग वीसेक मीटर प्रति सेकंदापर्यंत उतरतो. वाफेच्या ढगातही तसंच. म्हणजे तुमच्या वाटेत काही ठिकाणी प्रवाह ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने चाललेला असतो, आणि ढगाच्या शेवटी दाब उडी मारतो. सॉल्व्हर बहुतेक वेळा याच जागी अडखळतो. तिथे उच्च दर्जाची डिस्क्रीटायझेशन स्कीम हट्टाने लावण्यापेक्षा घनतेसाठी अपविंड किंवा मर्यादित स्कीम घ्या.

इंधनाला वाट पार करायला सुमारे सात मायक्रोसेकंद लागतात. निदान वीस-तीस फेऱ्या, म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रोसेकंद चालवून मगच सरासरी घ्या. द्विमितीय केस साध्या लॅपटॉपवर होते.

टर्ब्युलन्सबद्दल (प्रवाहातल्या खळबळीबद्दल) थोडक्यात. के-ओमेगा एसएसटी या नेहमीच्या मॉडेलने सुरू करा. अशी मॉडेलं मिश्रणाच्या भागात श्यानता फुगवतात, त्यामुळे वाफेचा कप्पा एका जागी गोठल्यासारखा बसतो. प्रत्यक्षात तो वाढतो, तुटतो, वाहून जातो. रेबू यांची दुरुस्ती मिश्रणातली ती खोटी श्यानता कापते. भोवऱ्यांच्या गाभ्यात दोरीसारखी ओढली जाणारी वाफ पाहायची असेल तर त्रिमितीय एलईएसशिवाय (मोठे भोवरे थेट सोडवणाऱ्या पद्धतीशिवाय) इलाज नाही, आणि तिथे लॅपटॉप पुरत नाही.

पायरी आठवी: उत्तर वाचणं

पॅराव्ह्यू (उत्तराची चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडायचा मोह आवरा. आधी आतला आणि बाहेरचा वस्तुमान-प्रवाह वेळेवर काढा. दोन्हींची सरासरी एक टक्क्याच्या आत जुळते का? नसेल तर बाकी काहीच बघू नका.

मग आडव्या अक्षावर दाबफरकाचं वर्गमूळ, उभ्या अक्षावर प्रवाह. वाफ नसताना बिंदू मूळबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेवर यायला हवेत. रेषा एका जागी वाकून आडवी होते, ते अडकणं. आडवी झालेली उंची ७ ते ८ ग्रॅमच्या घरात आहे का, आणि वाकण ७० बारच्या आसपास आहे का, हे भिंतीवरच्या कागदाशी पडताळा. रेषेची उंची चुकली तर कडेची गोलाई आणि वाटेच्या उंचीचं माप तपासा. वाकण चुकलं आणि उंची बरोबर असली तर बहुधा वाटेच्या उताराची किंवा भिंतीवरच्या घर्षणाची गडबड असते.

हे जुळल्यावर वाफ बघा. रंगपट्टी शून्य ते एक अशी पक्की करा. आपोआप ठरवू दिली तर दोन टक्के वाफही लालभडक दिसते. छायाचित्राशी तुलना करताना भान ठेवा: छायाचित्रात काळं दिसतं ते प्रकाश अडवणारं सगळं, पातळ बुडबुड्यांचा थरसुद्धा. मिश्रणात वाफ किती हे त्यातून मोजता येत नाही. वाफ कुठवर पोचली एवढंच जुळवावं.

शेवटी किमान दाब. दुसऱ्या घराण्यातल्या मॉडेलांत तो उणे होऊ शकतो. एखाद्या घरात थोडा काळ उणे गेला तर मॉडेलचा वेग कमी पडतोय. मोठ्या भागात शेकडो बार उणे असेल तर मेशची एखादी वाईट घरं शोधा. मग मेशची घरं निम्म्या आकाराची करून सगळं परत. प्रवाह हलत नाही पण वाफेचं टोक हलतं, असं नेहमी होतं. तेवढं प्रामाणिकपणे अहवालात लिहा.

यापुढे

ही वाट जमली की खऱ्या नोझलकडे वळा. इंजिन कंबशन नेटवर्क या आंतरराष्ट्रीय गटाची ‘स्प्रे सी’ आणि ‘स्प्रे डी’ ही जोडी त्यासाठीच आहे. दोन्ही एका भोकाची, इंधन डोडेकेन, दाब १५०० बार. सी चं भोक २०० मायक्रॉनचं सरळ नळीसारखं, म्हणून कॅव्हिटेशन होणारं. डी चं बाहेरचं तोंड १८६ मायक्रॉनचं आणि आत निमुळतं होत आलेलं, म्हणून बहुतांशी न होणारं. निमुळतेपणा के-फॅक्टरने सांगतात: आतला व्यास वजा बाहेरचा, मायक्रॉनमध्ये, भागिले दहा. डी चा १.५, सी चा शून्य. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी मोजलेली खरी भूमिती गटाने खुली ठेवली आहे. तीच घ्या, ड्रॉइंगमधली नको. दोन्ही चालवून बघितलं तर एकात वाफ होते आणि दुसऱ्यात सहसा नाही, याचं कारण कळेल. ओपनफोम शिकायला आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं साहित्यही मोफत उपलब्ध आहे.

धातूची झीज हवी असेल तर भिंतीवरच्या प्रत्येक घरात आजवरचा सगळ्यात मोठा दाब नोंदवत राहा आणि तो नकाशा खऱ्या नोझलच्या झिजेच्या जागांशी ताडून बघा. दहा मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा १०० बारमध्ये ८३ नॅनोसेकंदांत मिटतो, तेव्हा पाऊल त्याहून बरंच लहान हवं, आणि दाबाचा आकडा मेशप्रमाणे बदलेल. जागा विश्वासार्ह, आकडा नाही.

आणि नीडल हलवायची असेल, तर ती पूर्ण बंद स्थितीपासून सुरू करता येत नाही. मेशच्या घराचं आकारमान शून्य होऊ शकत नाही, म्हणून सीट आणि नीडल यांच्यात पाच-दहा मायक्रॉनची फट ठेवून तिथून उचलतात. त्या फटीत निदान चार-पाच घरं घाला. पहिल्या काही मायक्रोसेकंदांत सगळा दाब तिथेच खर्ची पडत असतो, आणि नीडल वर येईपर्यंत वाफ भोकात नाही, सीटवर होते.